उडत्या खारीचे केस गळतात तेव्हा: आहार, तपासणी आणि खर्चाचा हिशेब

पाळलेल्या उडत्या खारीच्या अंगावरचे केस विरळ दिसू लागले की बहुतेक घरांत पहिली खरेदी होते ती एखाद्या तेलाची, जीवनसत्त्वांच्या थेंबांची, नाहीतर ‘त्वचा आणि केसांसाठी’ असे छापलेल्या भुकटीची. वीस-पंचवीस डॉलर जातात, महिना जातो आणि चट्टा वाढलेला असतो. केस गळणे हा आजार नाही, ती आतल्या किंवा बाहेरच्या बिघाडाची खूण आहे. म्हणून पहिला पैसा तपासणीवर घालावा, दुसरा रोजच्या खाण्यावर. पूरक औषधांच्या डब्या सगळ्यांत शेवटी, आणि त्याही डॉक्टरांनी सांगितल्या तरच. हा क्रम पाळला तर खर्च निम्म्यावर येतो आणि खारीचे हालही वाचतात.

इथला सगळा हिशेब डॉलरमध्ये आहे, कारण हा विषय मुख्यतः अमेरिकेचा आहे. तिथल्या काही राज्यांत दक्षिणी उडती खार कायद्याने पाळता येते आणि तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही मुलांच्या हट्टाने ती येते. भारतात तसे करता येत नाही. त्याविषयी पुढे लिहिले आहे. दर शहरागणिक बदलतात. न्यू जर्सीतल्या दवाखान्याचे बिल आणि टेनेसीतल्या लहान गावातले बिल यांत दीडपट-दुप्पट फरक पडू शकतो. त्यामुळे इथले आकडे अंदाज बांधण्यासाठी घ्या आणि वेळ ठरवतानाच फोनवर दर विचारून घ्या. दवाखाने ते सांगतात, लेखी अंदाजपत्रकही देतात.

प्राणी केवढा, प्रश्न केवढा

दक्षिणी उडत्या खारीचे शास्त्रीय नाव ग्लॉकोमिस व्होलन्स. पूर्ण वाढलेल्या खारीचे वजन ५० ते ८० ग्रॅम, म्हणजे एका अंड्याच्या आसपास. पिंजऱ्यात नीट सांभाळली तर ती दहा वर्षांहून अधिक जगते. ही खार निशाचर आहे, कळपाने राहते आणि अमेरिकेच्या पूर्वेकडच्या पानझडी जंगलांत ओक व हिकरीच्या झाडांवर वाढते. तिथे ती ओकची फळे आणि हिकरीचे दाणे खातेच, त्याशिवाय किडे, अळ्या, कळ्या, साल, बुरशी, पक्ष्यांची अंडी हेही खाते. गळून पडलेली हरणांची शिंगे आणि हाडे कुरतडणे ही खारींची जुनी सवय आहे; त्यांना कॅल्शियम मिळते ते अशा वाटांनी.

घरातल्या वाटीत मात्र यांतले फक्त दाणे उरतात. खार ते आवडीने खाते, साठवून ठेवते, मालकाच्या हातातून घेते. आपल्याला वाटते, जंगलातही हेच खात असेल. केस गळण्याच्या बऱ्याच तक्रारींची सुरुवात इथूनच होते.

आधी नीट पाहा, त्याला पैसे लागत नाहीत

दवाखान्यात जाण्याआधी एका संध्याकाळी, खार जागी झाल्यावर, चांगल्या उजेडात तिचे अंग बघा आणि फोटो काढा. केस कुठे गेले आहेत आणि कसे गेले आहेत, यावरून पुष्कळ कळते.

केस कात्रीने कापल्यासारखे आखूड झाले असतील, खालची कातडी स्वच्छ असेल, खपली किंवा लाली नसेल, तर बहुधा जोडीदार खार किंवा ती स्वतःच केस कुरतडते आहे. लहान पिंजरा, एकच घरटे, रात्रभर करायला काही नसणे ही त्याची नेहमीची कारणे. एकाच जागी, विशेषतः नाकावर किंवा डोक्यावर केस घासले गेले असतील तर पिंजऱ्याच्या तारा बघा. बाहेर पडण्यासाठी खार त्याच जागी तोंड घासत राहते.

सतत खाजवणे, कोंडा, खपल्या, कानांच्या कडांना जाडपणा ही लक्षणे खरजेच्या किड्यांकडे बोट दाखवतात. ऊ आणि पिसू डोळ्यांना दिसतात, खरजेचे बहुतेक किडे दिसत नाहीत. गोलाकार चट्टा, कडेला कोंडा आणि मधले केस तुटलेले असतील तर गजकर्णाची शंका घ्यावी. ही बुरशी माणसालाही लागते, म्हणून घरात कुणाच्या हातावर तसाच चट्टा उठला आहे का तेही बघा आणि डॉक्टरांना सांगा.

दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ, उरलेले केस निस्तेज आणि खरखरीत, खाज जवळजवळ नाही, असे चित्र असेल तर खाण्याचा, मूत्रपिंडाचा किंवा ग्रंथींचा प्रश्न असू शकतो. म्हाताऱ्या खारींतही असे दिसते. शरद ऋतूत केसांची नैसर्गिक पालट होते; तेव्हा केस विरळ दिसले तरी कातडी उघडी पडत नाही. पिल्लांना पाजणाऱ्या मादीच्या स्तनांभोवतीचे केस जातात, तेही स्वाभाविक आहे.

केसांबरोबर आणखी काही दिसले तर मात्र वाट पाहू नका. मागचे पाय ओढत चालणे, उडी चुकणे, थरथर, दिवसभर मरगळ, झटके ही हाडांतले आणि रक्तातले कॅल्शियम ढासळल्याची चिन्हे आहेत. खारींमधला हा मुडदूस जीव घेतो. अशा वेळी त्याच रात्री तातडीच्या दवाखान्यात न्या. चट्ट्याची चौकशी नंतर करता येईल.

वाटीतले गणित

आहाराबद्दल एकच आकडा लक्षात ठेवायचा तर तो कॅल्शियम आणि फॉस्फरस यांच्या प्रमाणाचा. खारीच्या एकूण खाण्यात फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त असावे, शक्यतो दुपटीच्या जवळ. फॉस्फरस वरचढ झाला की शरीर कॅल्शियमची भरपाई हाडांतून काढून घेते.

आता आपल्या आवडीचे दाणे बघा. १०० ग्रॅम पिकॅनमध्ये कॅल्शियम सुमारे ७० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस सुमारे २७७. अक्रोडात ९८ आणि ३४६. शेंगदाण्यात ९२ आणि ३७६. सूर्यफुलाच्या बियांत ७८ आणि ६६०. काजूत ३७ आणि ५९३. चिलगोज्यांत तर १६ आणि ५७५, म्हणजे छत्तीसपट उलटे. भोपळ्याच्या बियाही याच पंगतीत बसतात. बदाम सगळ्यांत बरा, २६९ आणि ४८१, पण तोही सुलट नाही. मक्याच्या दाण्यात कॅल्शियम नावालाच असते. म्हणजे ‘वेगवेगळे दाणे मिसळून देतो’ या म्हणण्याला अर्थ नाही. उलट्या प्रमाणाचे दहा पदार्थ एकत्र केले तरी बेरीज उलटीच राहते.

सुलट प्रमाणाचे पदार्थ स्वस्त आणि घरातले आहेत. कोलार्डच्या पानांत २३२ मिलिग्रॅम कॅल्शियमला फॉस्फरस फक्त २५. केलची पाने चांगली. सुक्या अंजिरात १६२ आणि ६७, पण साखर भरपूर, म्हणून नखाएवढा तुकडा. पपईत दोन्ही कमी, तरी प्रमाण दोनास एक. किड्यांमध्ये दुकानात सहज मिळणारे मीलवर्म फॉस्फरसने भरलेले असतात. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्यांत मात्र कॅल्शियम उत्तम असते. किंमत थोडी जास्त आहे, पण मी तीच घ्यायला सांगेन.

केसांचा संबंध येतो तो इथे. केस म्हणजे केराटिन, आणि केराटिन म्हणजे प्रथिन. त्यासाठी गंधकयुक्त अमिनो आम्ले लागतात, शिवाय झिंक, बायोटिन, अ जीवनसत्त्व आणि लिनोलेइक आम्ल. दाण्यांवर जगणाऱ्या खारीला चरबीची कमतरता सहसा नसते. तरीही केसांसाठी बाजारात मिळते ते बहुतेक वेळा तेलच, म्हणजे जे आधीच जास्त आहे त्यातच भर. कमतरता असते ती चांगल्या प्रथिनाची आणि खनिजांची. दाण्यांतले आणि बियांतले फायटेट झिंकला बांधून ठेवते, त्यामुळे खाल्लेले झिंकही अंगी लागत नाही.

आणखी एक धोका फारसा कुणी सांगत नाही. कॅल्शियमबद्दल वाचून घाबरलेले मालक रोज सगळ्या खाण्यावर भुकटी शिंपडतात. फायटेट असलेल्या खाण्यात कॅल्शियम फार झाले की झिंकचे शोषण आणखी घटते. डुकरांमध्ये कातडी जाड होऊन तडकण्याचा जो विकार येत असे, तो झिंकच्या अभावाचा असल्याचे १९५५ साली दाखवले गेले आणि जादा कॅल्शियमने तो बळावतो हेही त्याच काळात कळले. खारीच्या बाबतीत धडा तोच: भुकटीने उलटा आहार सुलट होत नाही, आहारच बदलावा लागतो. ड३ जीवनसत्त्वाचेही तसेच. कमी पडले तर हाडे जातात, जास्त झाले तर मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचते. ७० ग्रॅमच्या प्राण्यात एक थेंबही चुकू शकतो. ड३ असलेले थेंब आणि ड३ असलेली भुकटी एकाच वेळी देऊ नका.

कच्च्या अंड्याबद्दलही सांगायला हवे. केसांसाठी अंडे चांगले म्हणून काही जण कच्चा बलक-पांढरा देतात. कच्च्या पांढऱ्यात अ‍ॅव्हिडिन असते, ते बायोटिनला बांधते आणि केसांसाठी दिलेले अंडे केसांच्याच मुळावर येते. अंडे उकडून द्यावे. बरोबर कवचाचा लहानसा चुरा दिला तर कॅल्शियमही मिळते.

मग वाटी कशी असावी? निम्म्याहून अधिक भाग ठोकळा-खुराक, ज्याला दुकानात रोडंट ब्लॉक म्हणतात. मझुरी, ऑक्सबो यांसारख्या कंपन्यांचे मिळतात. कृंतक प्राण्यांसाठी बनवलेला, बिया-सुकामेवा न मिसळलेला घ्या. रंगीत दाणे, बिया आणि सुकी फळे मिसळलेले पाकीट घेऊ नका, खार त्यातले हवे तेवढे निवडते आणि ठोकळा टाकून देते. त्यासोबत पालेभाजी आणि भाजी, आठवड्यातून दोन-तीनदा अळ्या किंवा उकडलेल्या अंड्याचा अथवा शिजवलेल्या बिनमिठाच्या कोंबडीचा वाटाण्याएवढा तुकडा. दाणे शेवटी, दिवसाला एक-दोन, तेही शक्यतो कवचासकट, म्हणजे दात झिजतात. कुरतडायला हरणाच्या शिंगाचा तुकडा कायम पिंजऱ्यात ठेवावा.

वर्षानुवर्षे दाण्यांवर वाढलेली खार ठोकळ्याला तोंड लावत नाही. म्हणून उपाशी ठेवून शिकवू नका, इतका लहान प्राणी उपास सोसत नाही. संध्याकाळी जाग आल्यावर, भूक कडकडून असते तेव्हा, आधी ठोकळा आणि भाजी ठेवा. दाणे दोन तासांनी द्या. ठोकळ्याचा चुरा करून त्यात किंचित पिकॅनचे पीठ मिसळून लहान गोळ्या केल्या तर पुष्कळ खारी खातात. दर आठवड्याला पीठ कमी करत जा. महिना-दीड महिना लागतो.

खाण्याचा वर्षाचा खर्च

चांगल्या खाण्याचा खर्च ऐकून लोक चकित होतात, कारण तो कमी आहे. दोन खारींच्या जोडीला ठोकळा-खुराकाची लहान पाकिटे वर्षभरात साधारण ४० ते ६० डॉलरची लागतात. अळ्या ४० ते ६०, कवचाचे दाणे ३० ते ४०, डॉक्टरांनी सांगितली तर कॅल्शियम कार्बोनेटची साधी डबी १० ते १५, शिंगाचा तुकडा १० च्या आसपास. भाजीला वेगळा खर्च नाही, तुमच्या फ्रिजमधलीच दोन पाने पुरतात. एकूण १३० ते १८५, म्हणजे महिन्याला पंधरा डॉलरच्या आतबाहेर.

पैसे वाचवण्याच्या नादात ठोकळ्याची मोठी गोणी घेऊ नका. पाउंडामागे ती स्वस्त पडते, पण इतकुसा प्राणी ती संपवेपर्यंत वर्ष उलटते आणि उघड्या पाकिटातली जीवनसत्त्वे तोवर विरतात. तयार झाल्याची तारीख बघून लहान पाकीट घ्या, अर्धे डब्यात घट्ट बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा. ओळखीत आणखी कुणाकडे खारी असतील तर गोणी वाटून घेणे सगळ्यांत उत्तम.

दवाखान्याचे बिल

कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर जवळ असतो, म्हणून तिथे धाव घेतली जाते. पण खारीला भूल देणे, तिचे रक्त काढणे, तिच्या वजनाला औषध मोजणे हे वेगळे कसब आहे. ‘एक्झॉटिक’ सस्तन प्राणी पाहणारा डॉक्टर शोधा. असोसिएशन ऑफ एक्झॉटिक मॅमल व्हेटरिनेरियन्स या संघटनेची डॉक्टरांची यादी सगळ्यांना पाहता येते. फोनवर सरळ विचारा: उडत्या खारी पाहता का, वर्षाला साधारण किती, आणि लहान प्राण्याला भूल देण्याची गॅसची सोय आहे का. पहिल्या दवाखान्यात ‘आम्हाला हे जमत नाही’ ऐकण्याचे पैसे भरण्यापेक्षा तासभर गाडी चालवणे परवडते.

पहिल्या भेटीची फी बहुतेक ठिकाणी ७५ ते १५० डॉलर. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ३० ते ७०. विष्ठेची तपासणी २५ ते ६०. बुरशीची लागण पाहण्यासाठी केसांचे कल्चर ५० ते १००. त्याचा निकाल यायला दोन-तीन आठवडे लागतात. रक्ततपासणी १०० ते २५०, एक्स-रे १५० ते ३००, आणि त्यांसाठी भूल द्यावी लागली तर ५० ते १५० वेगळे.

हे सगळे पहिल्याच दिवशी करायचे नसते. केस गेले आहेत, पण खार खाते-पिते, उड्या मारते, अशा वेळी पहिल्या भेटीत तपासणी, खरवड आणि विष्ठा एवढे पुरते. चट्टा गोल आणि कोंड्याचा असेल तर कल्चर. रक्त आणि एक्स-रे यांची गरज अशक्तपणा, वजन घटणे किंवा पायांचा त्रास असेल तेव्हा. ‘यातली कुठली तपासणी उपचार बदलेल?’ हा प्रश्न डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. चांगला डॉक्टर त्याचे उत्तर आनंदाने देतो आणि तुमचे बजेट आधी कळले तर तपासण्यांचा क्रम त्याप्रमाणे लावतो.

कारण सापडल्यावरचा खर्च असा पडतो. खरजेचे किडे निघाले तर सेलामेक्टिन किंवा आयव्हरमेक्टिनच्या मोजून दिलेल्या मात्रा आणि एक फेरतपासणी धरून एकूण २०० ते ३००. गजकर्ण असेल तर आठवडेच्या आठवडे औषध, दोनदा तरी फेरभेट आणि पिंजऱ्याची साफसफाई मिळून ३५० ते ५००. आहाराचा दोष असेल तर तपासण्यांसह २०० ते ३००, पुढे फक्त वर सांगितलेला खाण्याचा खर्च. कॅल्शियम ढासळून झटके आले तर रात्रीच्या दवाखान्याची फी, एक्स-रे, इंजेक्शने आणि एक-दोन दिवस भरती धरून ८०० ते १,५०० सहज होतात, आणि इतके करूनही खार वाचेलच असे नाही. महिन्याला पंधरा डॉलरचे खाणे या आकड्याशेजारी ठेवून बघावे.

कुत्र्याच्या पिसवांचे औषध घरात आहे, त्यातलाच थेंब लावू, हा विचार मनातही आणू नका. ती नळी दहा-वीस किलोच्या प्राण्यासाठी मोजलेली असते. शेंदूर, हळद, कडुनिंबाचे तेल, खोबरेल असलेही काही चोळू नका. खार ते चाटून पोटात घेते, केस चिकटून ती गारठते आणि खरवडीत किडे सापडणेही अवघड होते.

विम्याबद्दल: अमेरिकेत नेशनवाइड कंपनीने पक्षी आणि एक्झॉटिक प्राण्यांसाठी विमा दिलेला आहे. तुमच्या राज्यात आणि तुमच्या खारीला तो लागू होतो का हे लेखी विचारून घ्या. पॉलिसी घेण्याआधी दिसलेली लक्षणे भरपाईत धरत नाहीत, म्हणजे चट्टा दिसल्यावर विमा काढून उपयोग नाही. माझ्या मते एक-दोन खारींसाठी महिन्याला वीस डॉलर बाजूला टाकणे अधिक सोयीचे. वर्षात खर्च झाले नाहीत तर पैसे तुमचेच राहतात.

पिंजऱ्यावरचा खर्च, जो औषधापेक्षा कामाचा ठरतो

केस कुरतडण्याचे निदान झाले तर औषध नसते, जागा बदलावी लागते. उंच पिंजरा, तारांमधले अंतर अर्ध्या इंचाहून कमी, १२० ते २५० डॉलर. वापरलेला चांगल्या स्थितीत निम्म्यात मिळतो; गंज असेल तर घेऊ नका. मधोमध आस नसलेले, भरीव पृष्ठभागाचे चाक २५ ते ४५. जाळीच्या चाकात शेपटी आणि पंखपडदा अडकून जखमा होतात. कापडी घरटी प्रत्येकी दहा-पंधरा डॉलरची, आणि दोन खारींना तीन घरटी हवीत. खाली सीडार किंवा पाइनचा भुसा असेल तर तो आजच काढा. त्यांतली सुगंधी तेले कातडीला आणि श्वासाला त्रास देतात; कागदी अंथरूण किंवा फ्लीसचे कापड वापरा. हा एक बदल जवळजवळ फुकट आहे आणि कधीकधी तेवढ्याने खाज थांबते.

खार आली कुठून, हेही बिलात मोजा

पिंजऱ्यात जन्मलेले पिल्लू साधारण १५० ते ३०० डॉलरला मिळते. त्याहून फार स्वस्त मिळत असेल तर ते जंगलातून पकडलेले असण्याची शंका घ्या. ही शंका हवेतली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये फ्लोरिडाच्या वन्यजीव आयोगाने मोठी तस्करी उघड केली. तीन वर्षांहून कमी काळात सुमारे ३,६०० जंगली उडत्या खारी पकडून, पिंजऱ्यात जन्मलेल्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. त्यासाठी दहा हजारांपर्यंत सापळे लावले होते आणि माल दक्षिण कोरियाकडे जात होता.

जंगली खारीबरोबर ऊ, पिसू आणि खरजेचे किडे घरात येतात, आणि त्याहून गंभीर म्हणजे टायफसचा धोका. पूर्व अमेरिकेतल्या दक्षिणी उडत्या खारींमध्ये रिकेट्सिया प्रोवाझेकी हा टायफसचा जंतू असल्याचे १९७५ साली प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर माणसांमध्ये तुरळक रुग्ण आढळत आले आहेत. खारीच्या सहवासानंतर कडक ताप, असह्य डोकेदुखी, अंगदुखी आणि पुरळ आले तर तुमच्या डॉक्टरांना घरात उडती खार असल्याचे आवर्जून सांगा. डॉक्सिसायक्लिनने हा आजार बरा होतो, पण डॉक्टरांच्या मनात ती शक्यता येण्यासाठी आपण सांगणे गरजेचे असते.

विक्रेत्याकडे पैदाशीच्या चारपेक्षा जास्त माद्या असतील तर त्याला अमेरिकेच्या कृषी खात्याचा, म्हणजे यूएसडीएचा परवाना लागतो. क्रमांक मागून घ्या आणि विक्रीची पावती जन्मतारखेसह जपून ठेवा. राज्याचा कायदा वेगळा असतो. कॅलिफोर्निया आणि हवाईत उडती खार पाळता येत नाही, इतर काही राज्यांत परवाना लागतो. नोकरीमुळे राज्य बदलणाऱ्या कुटुंबांनी घर शोधण्याआधी हा कायदा बघावा. बेकायदा राज्यात खार आजारी पडली की डॉक्टरांकडे नेण्याचीच भीती वाटते, आणि त्याची किंमत खार मोजते.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी

सह्याद्रीत आणि विदर्भाच्या जंगलांत मोठी उडती खार आहे. काही भागांत तिला पाखरू म्हणतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ती संरक्षित आहे. तिला पकडणे, पाळणे, विकणे हा गुन्हा आहे. झाड पडून किंवा तोडताना पिल्लू सापडले तर दूध पाजत घरी ठेवू नका; वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि माणूस येईपर्यंत त्याला हवेशीर खोक्यात, अंधारात, उबेत ठेवा.

मुंबई-पुण्यात ‘उडती खार’ म्हणून विकला जातो तो बहुधा शुगर ग्लायडर असतो. तो ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचा, पोटाशी पिशवी असलेला प्राणी आहे. खारीशी त्याचे नाते नाही. त्याचे मूळ खाणे झाडांचा चीक, मध आणि किडे. त्यामुळे वर सांगितलेला ठोकळा-खुराक त्याला देऊ नये. कॅल्शियमचे प्रमाण आणि ‘आधी तपासणी’ हा क्रम मात्र त्यालाही तितकाच लागू पडतो. प्रौढ नराच्या डोक्यावर मधोमध टक्कल दिसते ती त्याची गंधग्रंथी असते. तिच्यावर उपचाराचा खर्च करू नका. असा प्राणी घेण्याआधी आपल्या शहरात त्याला पाहणारा डॉक्टर आहे का, एवढे फोन करून विचारा. नसेल तर घेऊ नका.

उपचार सुरू झाल्यावर

कारण दूर झाले की साधारण चार ते आठ आठवड्यांत नवे केस दिसू लागतात. आधी बारीक लव, मग हळूहळू दाट. तोवर दर आठवड्याला त्याच जागेचा, त्याच उजेडात फोटो काढा. पंधरा डॉलरचा एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकाचा काटा आणा, खारीला लहान डब्यात बसवून वजन घ्या आणि तारखेसह लिहून ठेवा. ७० ग्रॅमची खार ६३ वर आली तर दहा टक्के वजन गेले. केस वाढत असले तरी त्याच दिवशी दवाखान्याला फोन करा आणि ही वही बरोबर न्या. डॉक्टरांच्या हाती वजनांची नोंद, वाटीत काय-किती जाते त्याची आठवड्याची यादी आणि आधी दिलेल्या प्रत्येक डबीचा फोटो असेल तर एखादी महागडी तपासणी टाळता येते.